परत जायचं असलं तरी भरा: अमेरिकेतल्या पहिल्या नोकरीत ४०१के, आयआरए आणि एचएसए

अमेरिकेत नोकरीला लागलं की पहिल्याच आठवड्यात एचआरचा ईमेल येतो: पोर्टलवर जाऊन बेनिफिट्स निवडा. बहुतेक कंपन्या त्यासाठी साधारण ३० दिवस देतात. पोर्टल उघडलं की डिडक्टिबल, मॅच, व्हेस्टिंग, एफएसए, एचएसए, रॉथ असे शब्द एकामागून एक समोर येतात. आपल्यातले बरेच जण मग 'आपण कुठे इथे म्हातारे होणार आहोत' असं म्हणून रिटायरमेंटच्या रकान्यात शून्य टाकतात आणि विम्यात शेजारच्या टीममधल्या कुणीतरी घेतलेला प्लॅन घेतात.

हा लेख अशाच नव्याने आलेल्यांसाठी आहे: एच-१बी, ओपीटी (विद्यार्थी व्हिसावर मिळणारी तात्पुरती कामाची परवानगी) किंवा नुकतंच ग्रीन कार्ड मिळालेले, आणि इथे किती वर्षं राहणार हे नक्की नसलेले. खाती तीन: ४०१के (नोकरीतून उघडणारं निवृत्तीचं खातं), आयआरए (स्वतः उघडायचं निवृत्तीचं खातं) आणि एचएसए (वैद्यकीय खर्चासाठीचं बचत खातं). त्यांचे नियम पैसे आत टाकताना सोपे असतात, गुंता बाहेर काढताना होतो. म्हणून प्रत्येक खात्याबद्दल आधी एकच विचारायचं: उद्या देश सोडला तर हा पैसा कसा आणि किती कापून मिळेल? आकडे २०२६ या करवर्षाचे आहेत. मर्यादा महागाईनुसार दरवर्षी बदलतात, त्यामुळे पुढच्या वर्षी आयआरएसच्या (अमेरिकेच्या कर खात्याच्या) संकेतस्थळावर ताजे आकडे बघून घ्या.

थोडी पार्श्वभूमी, कारण नावांचं कोडं त्याने सुटतं. ४०१(के) हे १९७८च्या कायद्याने करसंहितेत आलेल्या उपकलमाचं नाव आहे. आयआरए १९७४च्या एरिसा कायद्यातून आलं. रॉथ आयआरए १९९७चं, विल्यम रॉथ या सिनेटरच्या नावाचं. एचएसए २००३च्या मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) सुधारणा कायद्यातून आलं आणि २००४पासून सुरू झालं. या सगळ्यामागचं धोरण एकच आहे: म्हातारपणाची आणि आजारपणाची तरतूद माणसाने स्वतः करावी, सरकार करात सूट देईल. त्यामुळे तुम्ही काही निवडलं नाही तर तुमच्या वतीने फारसं कुणी काही करत नाही.

१. आधी रेसिडेंट की नॉनरेसिडेंट ते ठरवा

व्हिसा आणि कराच्या दृष्टीने रहिवासी असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. चालू वर्षातले सगळे दिवस, मागच्या वर्षीच्या दिवसांचा एक तृतीयांश आणि त्याआधीच्या वर्षीच्या दिवसांचा एक षष्ठांश मिळून १८३ भरले, आणि चालू वर्षात किमान ३१ दिवस इथे राहिलात, तर तुम्ही करापुरते रेसिडेंट. एफ-१ विद्यार्थ्यांचे पहिल्या ५ कॅलेंडर वर्षांतले दिवस यात धरत नाहीत.

याचा उपयोग दोन ठिकाणी. एक, ओपीटीवर असलेला नॉनरेसिडेंट सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन) आणि मेडिकेअरचा ७.६५ टक्के पेरोल कर भरत नाही, त्यामुळे पुढे एचएसएच्या हिशेबात येणारा एक फायदा त्याला लागू नाही. दोन, नवरा-बायकोने एकत्र रिटर्न भरता येतं का, हे यावर अवलंबून असतं आणि आयआरएचे नियम त्यावर. ४०१केला मात्र व्हिसाची अट नाही. ओपीटीवरच्या माणसालाही प्लॅनमध्ये बसत असेल तर भरता येतं.

२. हे कागद एका फोल्डरमध्ये जमवा

- ४०१केचं 'समरी प्लॅन डिस्क्रिप्शन'. मॅच (तुम्ही भराल त्यावर कंपनी घालते ती रक्कम) आणि व्हेस्टिंग (ती रक्कम तुमची कधी होते) यांचे नियम यात असतात. पोर्टलवर सापडलं नाही तर एचआरकडे मागा, द्यावंच लागतं.
- प्रत्येक हेल्थ प्लॅनचं 'समरी ऑफ बेनिफिट्स अँड कव्हरेज'. सगळ्या विमा कंपन्यांना ते एकाच साच्यात द्यावं लागतं, त्यामुळे तुलना सोपी जाते.
- सोशल सिक्युरिटी नंबर. जोडीदाराकडे नसेल तर आयटीआयएन (करापुरता ओळख क्रमांक), त्यासाठी फॉर्म डब्ल्यू-७.
- जोडीदाराच्या कंपनीचे हेच सगळे कागद. हे कागद लोक हमखास विसरतात आणि सहाव्या पायरीत अडकतात.
- या वर्षात आधी दुसरीकडे नोकरी झाली असेल तर तिथली शेवटची पे-स्लिप.

३. मॅच पूर्ण घ्या, बाकी नंतर

समजा पगार १,१०,००० डॉलर आहे, तुम्ही एकटे आहात आणि कंपनी म्हणते: पगाराच्या ६ टक्क्यांपर्यंत तुम्ही जे भराल त्याच्या निम्मं आम्ही टाकू. तुम्ही ६,६०० भरता, कंपनी ३,३०० घालते. १६,१०० डॉलरची स्टँडर्ड डिडक्शन वजा करून तुम्ही २२ टक्क्यांच्या टप्प्यात आहात, म्हणून ६,६०० वर १,४५२ डॉलर फेडरल कर वाचतो. हाती येणाऱ्या पगारातून गेले ५,१४८, खात्यात जमा झाले ९,९००.

आता परत जाणाऱ्याचा हिशेब करू. पैसा अजिबात वाढला नाही आणि साडेएकोणसाठ वर्षांच्या आधीच खातं मोडलं, असं धरा. १० टक्के दंड म्हणजे ९९०. नॉनरेसिडेंट म्हणून सरसकट ३० टक्के कापले तर २,९७०. उरले ५,९४०. सगळ्यात वाईट पद्धतीने बाहेर पडूनसुद्धा ५,१४८ पेक्षा जास्तच. 'परत जायचंय म्हणून भरत नाही' हे म्हणणं आकड्यांपुढे टिकत नाही.

पण त्यात एक मेख आहे: व्हेस्टिंग. तुम्ही भरलेला पैसा पहिल्या दिवसापासून तुमचा, कंपनीने टाकलेला मात्र प्लॅनच्या वेळापत्रकानुसार तुमचा होतो. कायद्याने जास्तीत जास्त ३ वर्षांनी एकदम, किंवा ६ वर्षांत टप्प्याटप्प्याने. दोन वर्षं अकरा महिन्यांनी राजीनामा दिला आणि प्लॅन ३ वर्षांचा असेल तर मॅचमधलं काहीच मिळत नाही. नोकरी सोडायची तारीख ठरवण्याआधी हे वेळापत्रक उघडून बघा.

आणखी तीन सापळे:

आपोआप भरती. २९ डिसेंबर २०२२ नंतर सुरू झालेल्या बहुतेक नव्या ४०१के प्लॅनना २०२५पासून कर्मचाऱ्याला आपोआप सामील करून घ्यावं लागतं आणि सुरुवात ३ टक्क्यांवरूनही होऊ शकते. मॅच ६ टक्क्यांपर्यंत असेल आणि तुम्ही ३ वरच राहिलात, तर अर्धा मॅच सोडून दिला.

घाईने भरणं. २०२६ची मर्यादा २४,५०० डॉलर आहे. ती वर्षाच्या पहिल्या काही महिन्यांतच संपवली तर पुढच्या पगारांत तुमचा वाटा शून्य आणि मॅचही शून्य. काही कंपन्या वर्षअखेरीस 'ट्रू-अप' म्हणून फरक भरून देतात, सगळ्या देत नाहीत. आधी विचारा.

दोन नोकऱ्या. २४,५०० ही मर्यादा माणसाला आहे, नोकरीला नाही. नव्या कंपनीच्या पेरोलला जुन्या ठिकाणी किती भरलं ते माहीत नसतं. जास्त भरलं गेलं तर पुढच्या १५ एप्रिलपर्यंत ते बाहेर काढून घ्या, नाहीतर त्याच पैशावर दोनदा कर बसतो.

पैसे कशात गुंतवायचे? सुरुवातीला निवृत्तीच्या अंदाजे वर्षाचा टार्गेट डेट फंड किंवा कमी खर्चाचा इंडेक्स फंड घ्या आणि एक्स्पेन्स रेशो (फंडाचा वार्षिक खर्च) बघा. यावर आठवडे घालवण्यात अर्थ नाही.

४. ट्रॅडिशनल की रॉथ

ट्रॅडिशनलमध्ये आज कर वाचतो, काढताना भरावा लागतो. रॉथमध्ये आज कर भरायचा, नियम पाळले तर काढताना काही नाही. इथेच राहणार असाल तर आज तुम्ही कराच्या कोणत्या टप्प्यात आहात आणि निवृत्तीत कोणत्या असाल, एवढाच प्रश्न आहे.

भारतात परतण्याची शक्यता असेल तर माझं मत ट्रॅडिशनलकडे झुकतं. कारण भारताचा आयकर कायदा, त्याबद्दल दहाव्या पायरीत. रॉथ आयआरएची एक जमेची बाजू मात्र लक्षात ठेवा: त्यात थेट भरलेलं मुद्दल कधीही, कराशिवाय आणि दंडाशिवाय काढता येतं, बंधन आहे ते वाढीवर. रॉथ ४०१केला ही सोय नाही. तिथे प्रत्येक उचलीत मुद्दल आणि वाढ प्रमाणात मोजतात.

५. हेल्थ प्लॅन निवडा, हप्ता बघून नव्हे

नवख्या माणसाची सगळ्यात जास्त गडबड इथे होते, कारण भारतातला मेडिक्लेम वेगळ्या पद्धतीने चालतो. इथे आधी डिडक्टिबल संपेपर्यंत बिल तुमचं. मग कोइन्शुरन्स, म्हणजे बिलाचा ठरावीक टक्का तुमचा. मग आउट-ऑफ-पॉकेट मॅक्सिमम, ज्याच्यापुढे नेटवर्कमधला खर्च विमा कंपनीचा. लसीकरण आणि वार्षिक तपासणीसारखी प्रतिबंधात्मक सेवा नेटवर्कमध्ये सहसा फुकट असते, प्लॅन कोणताही असो.

एचएसए उघडता येतं ते फक्त पात्र हाय डिडक्टिबल प्लॅन असेल तर. २०२६साठी अशा प्लॅनचं डिडक्टिबल एकट्याला किमान १,७०० आणि कुटुंबाला ३,४०० डॉलर असावं लागतं, आणि आउट-ऑफ-पॉकेटची कमाल ८,५०० आणि १७,००० पेक्षा जास्त चालत नाही. प्लॅनच्या नावात 'हाय' असून भागत नाही. कागदावर 'एचएसए एलिजिबल' लिहिलंय का ते बघा. (नोकरीतून विमा नसेल तर: २०२५च्या नव्या कायद्याने मार्केटप्लेसवरचे (सरकारी विमा बाजारातले) ब्रॉन्झ आणि कॅटॅस्ट्रॉफिक प्लॅन २०२६पासून एचएसएला चालतात.)

एक हिशेब मांडतो, आकडे नमुन्याचे. पीपीओचा (कमी डिडक्टिबलच्या नेहमीच्या प्लॅनचा) हप्ता महिना १५०, डिडक्टिबल ५००, कोइन्शुरन्स २० टक्के, कमाल ३,०००. हाय डिडक्टिबलचा हप्ता महिना ७०, डिडक्टिबल २,५००, कोइन्शुरन्स तेवढाच, कमाल ५,०००, आणि कंपनी एचएसएमध्ये ५०० टाकते.

वर्षभर ठणठणीत राहिलात: पीपीओला १,८०० गेले, हाय डिडक्टिबलला ३४० (कंपनीचे ५०० वजा करून, पुढेही तसंच).
२,५०० डॉलरचं बिल झालं: पीपीओला एकूण २,७००, दुसऱ्याला २,८४०.
२०,०००चं ऑपरेशन झालं: पीपीओला ४,८००, दुसऱ्याला ५,३४०.

म्हणजे आजारी वर्षात हाय डिडक्टिबल थोडा महाग. पण एचएसएची मर्यादा कंपनीच्या ५०० सकट ४,४०० आहे. उरलेले ३,९०० तुम्ही पगारातून भरले तर २२ टक्के फेडरल आणि ७.६५ टक्के पेरोल कर मिळून सुमारे १,१५६ डॉलर वाचतात आणि पारडं उलटं झुकतं. पीपीओबरोबर एफएसए (वैद्यकीय खर्चासाठी पगारातून कराआधी पैसे बाजूला ठेवायचं कंपनीचं खातं) घेऊनही काही कर वाचतो, त्यामुळे फरक इतका मोठा राहत नाही, पण उरतो.

तरी मी सगळ्यांना हाय डिडक्टिबल घ्या असं म्हणणार नाही. कारण कराचं नाही, हातातल्या रोख पैशाचं आहे. एचएसएमध्ये जेवढं जमा झालंय तेवढंच वापरता येतं. जानेवारीत हात मोडला तर खात्यात दोन-अडीचशे डॉलर आणि समोर अडीच हजारांचं बिल. नुकतेच आलात, बँकेत शिल्लक नाही, घरात बाळ येणार आहे किंवा कुणाला दर महिन्याला महागडं औषध लागतं, तर पहिलं वर्ष पीपीओवर काढा आणि शिल्लक जमली की बदला. डिडक्टिबलएवढी रक्कम बाजूला असल्याशिवाय हाय डिडक्टिबल म्हणजे छत्री घरी ठेवून पावसात निघणं आहे.

६. एचएसए उघडताना

२०२६ची मर्यादा एकट्याच्या प्लॅनला ४,४०० आणि कुटुंबाच्या प्लॅनला ८,७५० डॉलर, कंपनीचा वाटा धरून. पंचावन्न वर्षांवरच्यांना आणखी १,०००. जाताना वजावट, वाढताना कर नाही, वैद्यकीय खर्चासाठी काढताना कर नाही. असं तिहेरी दुसरं खातं अमेरिकी करसंहितेत सापडणं अवघड आहे.

पैसे पगारातूनच भरा. स्वतःच्या बँकेतून भरले तर आयकराची वजावट मिळते, पण ७.६५ टक्क्यांचा पेरोल कर परत मिळत नाही. ४,४०० वर ते सुमारे ३३७ डॉलर होतात. कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सी ही राज्यं एचएसए मानत नाहीत, तिथे राज्याचा कर भरावाच लागतो.

पात्रता कुठे जाते:

जोडीदाराची एफएसए. त्याच्या किंवा तिच्या कंपनीत साधी हेल्थ एफएसए असेल तर त्यातून तुमचाही खर्च भरता येतो, म्हणून कायद्याच्या नजरेत तुम्हाला दुसरं कव्हर आहे आणि तुमची एचएसए अपात्र. तुम्ही त्यातला एक पैसा वापरला नाही तरीही. फक्त दात आणि डोळ्यांपुरती मर्यादित एफएसए असेल तर चालते.

जोडीदाराच्या पीपीओमध्येही तुमचं नाव असणं. दुहेरी कव्हर असलेलं बरं, या विचाराने केलं जातं. एचएसए तिथेच संपते.

वर्षाच्या मधे सुरुवात. एच-१बी १ ऑक्टोबरला सुरू झाला आणि त्याच दिवशी प्लॅन मिळाला, तर नियमाने ३ महिन्यांचे १,१०० डॉलर भरता येतात. १ डिसेंबरला पात्र असाल तर 'लास्ट मंथ रूल'ने पूर्ण ४,४०० भरायची मुभा आहे, पण मग पुढच्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत पात्र राहावं लागतं. मधेच पीपीओ घेतला किंवा देश सोडला तर वरचे ३,३०० उत्पन्नात धरतात आणि त्यावर १० टक्के जादा कर लागतो. व्हिसाचं नक्की नसेल तर हा मोह टाळा.

मर्यादेपेक्षा जास्त भरलं गेलं तर ते बाहेर काढेपर्यंत दरवर्षी ६ टक्के कर. रिटर्नच्या मुदतीआधी वाढीसकट काढलं तर हा कर लागत नाही.

एफएसएबद्दल दोनच वाक्यं: २०२६ची मर्यादा ३,४०० आहे, पूर्ण रक्कम पहिल्या दिवसापासून वापरता येते. पण वर्षअखेरीस उरलेल्यातून जास्तीत जास्त ६८० पुढे नेता येतात, तेही कंपनीने परवानगी दिली तर.

७. एचएसएचा पैसा कुठे चालतो, विशेषतः भारतात

सुट्टीला पुण्याला जाऊन दाताचं रूट कॅनाल करून घेतलं, चालतं का? चालतं. उपचार परदेशात झाले म्हणून ते बाद होत नाहीत. पावती घ्या, त्यावर रुग्णाचं नाव, तारीख आणि उपचार लिहून घ्या, त्या दिवशीचा डॉलरचा दर नोंदवा.

डॉक्टरने लिहून दिलेलं औषध भारतात विकत घेऊन तिथेच घेतलं आणि ते दोन्ही देशांत कायदेशीर असेल, तर चालतं. तेच औषध सहा महिन्यांचं बॅगेत भरून अमेरिकेत आणलं, तर सहसा चालत नाही. बॅग भरताना हा फरक कुणाच्या डोक्यात नसतो.

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन? ती भारतात राहत असेल तर नाही, सगळा खर्च तुम्ही केला तरी नाही. एचएसए तुमच्यासाठी, जोडीदारासाठी आणि कराच्या व्याख्येतल्या अवलंबितांसाठी आहे. अवलंबित व्हायला अमेरिकेचं नागरिकत्व, किंवा अमेरिका, कॅनडा अथवा मेक्सिकोतला रहिवास लागतो. आईबाबा सहा महिने इथे येतात तेव्हाचा व्हिजिटर इन्शुरन्सही यातून भरता येत नाही. विम्याचे हप्ते एकूणच चालत नाहीत. कोब्रा (नोकरी सुटल्यावर कंपनीचाच विमा स्वखर्चाने चालू ठेवणं), बेरोजगार भत्ता घेत असतानाचा विमा, लाँग-टर्म केअर आणि पासष्टीनंतर मेडिकेअर असे मोजके अपवाद आहेत. जोडीदार भारतात राहत असेल तर मात्र त्याचा किंवा तिचा उपचार चालतो.

चुकीच्या कारणासाठी पैसे काढले तर आयकर आणि वर २० टक्के दंड. पासष्टीनंतर दंड नाही, फक्त आयकर.

आणि आता परत जाणाऱ्यांसाठी सगळ्यात उपयोगी नियम. खर्च आज झाला म्हणून पैसे आजच काढावे लागत नाहीत. खातं उघडल्यानंतरचा खर्च असेल, दुसरीकडून भरपाई किंवा करसवलत घेतली नसेल, तर दहा वर्षांनीही त्या पावतीवर कराशिवाय पैसे काढता येतात. म्हणून जमत असेल तर बिलं खिशातून भरा, एचएसएमधले पैसे गुंतवा आणि पावत्या स्कॅन करून ठेवा. गुंतवणूक आपोआप होत नाही, तो पर्याय वेगळा निवडावा लागतो, नाहीतर पैसा बचत खात्याच्या व्याजावर पडून राहतो.

८. आयआरए, आणि एच-४वरचा जोडीदार

२०२६ची मर्यादा ७,५०० डॉलर, पन्नाशीच्या खाली. स्वतःचं कामाचं उत्पन्न लागतं, पण एकत्र रिटर्न भरत असाल तर नोकरी न करणाऱ्या जोडीदाराच्या नावानेही तुमच्या उत्पन्नावर आयआरए भरता येतं. एच-४वर (एच-१बीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर) घरी असलेल्या माणसाच्या स्वतःच्या नावावर बचत होण्याचा हा सरळ मार्ग आहे आणि तो फार थोड्या घरांत वापरला जातो.

रॉथ आयआरए थेट भरायला उत्पन्नाची मर्यादा आहे: एकट्याला १,५३,००० पासून मुभा कमी होत जाते आणि १,६८,००० ला संपते, एकत्र रिटर्नला २,४२,००० ते २,५२,०००. जोडीदार भारतात आहे म्हणून 'मॅरीड फायलिंग सेपरेटली' भरत असाल आणि वर्षात काही काळ दोघं एकत्र राहिला असाल, तर ही मुभा १०,००० डॉलर उत्पन्नालाच संपते. १५ एप्रिलपर्यंत मागच्या वर्षाचं आयआरए आणि एचएसए भरता येतं, ४०१के मात्र ३१ डिसेंबरला बंद.

९. रिटर्न भरताना आणि नोकरी बदलताना

डब्ल्यू-२च्या (कंपनीकडून मिळणाऱ्या पगार आणि कराच्या वार्षिक दाखल्याच्या) बॉक्स १२ मध्ये कोड डी म्हणजे ट्रॅडिशनल ४०१के, एए म्हणजे रॉथ ४०१के, डब्ल्यू म्हणजे पगारातून गेलेलं एचएसए, कंपनीच्या वाट्यासकट. कोड डब्ल्यूची रक्कम 'मी स्वतः भरली' म्हणून सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा टाकू नका, वजावट दोनदा होते. एचएसए असेल तर फॉर्म ८८८९ भरावाच लागतो. वजावट न घेता ट्रॅडिशनल आयआरए भरलं असेल तर फॉर्म ८६०६. तो राहिला तर त्याच पैशावर पुढे पुन्हा कर द्यायची पाळी येते.

नोकरी सोडल्यावर ४०१के तिथेच ठेवता येतं, नव्या कंपनीत किंवा आयआरएमध्ये नेता येतं. नेताना 'डायरेक्ट रोलओव्हर' हेच शब्द वापरा. चेक तुमच्या नावाने आला तर २० टक्के आधीच कापले जातात आणि ६० दिवसांत पूर्ण रक्कम, कापलेल्यासकट, नव्या खात्यात भरावी लागते. शिल्लक ७,००० डॉलर किंवा त्याहून कमी असेल तर जुना प्लॅन तुम्हाला न विचारताही खातं बाहेर काढू शकतो, म्हणून पत्ता आणि ईमेल बदलून ठेवा. कंपनीचा ईमेल नव्हे, स्वतःचा.

लग्न झाल्यावर बेनिफिशियरी तपासा. ४०१केमध्ये जोडीदाराचा हक्क सहसा कायद्यानेच येतो. आयआरए आणि एचएसएमध्ये मात्र फॉर्मवर जे नाव असेल तेच. लग्नाआधी वडिलांचं नाव घातलं असेल तर ते तसंच राहतं. एचएसए जोडीदाराला मिळालं तर ते त्याचं किंवा तिचं एचएसए होतं. इतर कुणाला मिळालं तर खातं संपतं आणि रक्कम त्याच वर्षी त्यांच्या उत्पन्नात धरतात.

१०. भारतात परत जाताना

भारत आणि अमेरिका यांच्यात सोशल सिक्युरिटीचा करार नाही. ४० क्रेडिट, म्हणजे साधारण १० वर्षांची नोकरी, नसेल तर त्या करातून पेन्शन मिळत नाही. ४०१के आणि एचएसएचं तसं नाही, तो पैसा तुमचाच राहतो. नागरिकत्व किंवा व्हिसा गेला म्हणून खातं जात नाही.

परतल्यावर बरेच जण काही काळ भारतात आरएनओआर (निवासी, पण 'सामान्य निवासी' नसलेले) असतात. मागच्या १० पैकी ९ वर्षं अनिवासी होता, किंवा मागच्या ७ वर्षांत भारतात ७२९ दिवस किंवा त्याहून कमी राहिलात, तर हा दर्जा मिळतो आणि त्या काळात परदेशातल्या उत्पन्नावर भारतात सहसा कर लागत नाही. साठवलेल्या पावत्यांवर एचएसएमधून पैसे काढायचे असतील तर ते निघण्याआधी किंवा याच काळात काढा.

त्यानंतर भारतात जगभरच्या उत्पन्नावर कर. ४०१के आत वाढतं पण हाती येत नाही, मग दरवर्षी भारतात कर भरायचा का? यासाठी २०२१च्या वित्त कायद्याने आयकर कायद्यात कलम ८९ए आलं: अधिसूचित देशांतल्या, ज्यात अमेरिका आहे, निवृत्ती खात्यावरचा कर पैसे काढताना लावावा. त्यासाठी फॉर्म १०-ईई रिटर्नच्या मुदतीत भरायचा आणि एकदा निवडलं की पुढच्या वर्षांनाही तेच लागू. कलमाची भाषा 'तो देश काढताना कर लावतो' अशा खात्यांची आहे. ट्रॅडिशनल ४०१के आणि आयआरए त्यात नीट बसतात. रॉथमधून काढताना अमेरिका करच लावत नाही आणि एचएसए निवृत्ती खातंच नाही, म्हणून ती दोन्ही या भाषेत सहज बसत नाहीत. चौथ्या पायरीत माझं मत ट्रॅडिशनलकडे झुकलं ते यामुळे. १ एप्रिल २०२६पासून १९६१च्या कायद्याच्या जागी २०२५चा आयकर कायदा आला आहे आणि कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा सीएशी बोलताना क्रमांकाऐवजी विषय सांगा.

अमेरिकेच्या बाजूला, नॉनरेसिडेंटला पैसे देताना ३० टक्के कापून ठेवतात. दुहेरी करआकारणी टाळण्याच्या करारात खासगी पेन्शनवर राहत्या देशाने कर लावावा असं कलम आहे, त्याचा आधार घ्यायचा तर फॉर्म डब्ल्यू-८बेन द्यावा लागतो. करारातली पेन्शन म्हणजे ठरावीक काळाने मिळणारी रक्कम. एकरकमी उचल करण्याआधी दोन्ही देशांचे नियम पाहणाऱ्या सल्लागाराची फी द्या, ती ३० टक्क्यांपेक्षा कमीच असेल. साडेएकोणसाठच्या आतला १० टक्के दंड वेगळा. घाई नसेल तर खातं तसंच राहू द्या.

विमानात बसण्याआधी एवढं उरकून घ्या: सगळ्या खात्यांवर स्वतःचा ईमेल, परदेशी पत्ता चालतो का याची त्या कंपनीकडून लेखी खात्री, लॉगिनचा ओटीपी भारतातल्या नंबरवर किंवा ॲपवर येतो का याची चाचणी, मागच्या सगळ्या वर्षांचे डब्ल्यू-२, फॉर्म ८८८९ आणि ८६०६ यांच्या प्रती, आणि अमेरिकेतलं एक बँक खातं चालू. ओटीपीची चाचणी अमेरिकन सिम हातात असतानाच करा. ते बंद झाल्यावर खात्यात शिरायला ओळख पटवण्याची कागदपत्रं पोस्टाने पाठवावी लागतात, आणि त्याला महिने लागू शकतात.